दादासाठी रोज एक पान

परभणीहून मनमाडला जाणारी मीटरगेजची छोटी गाडी पहाटे सुटली तेव्हा माझ्या मांडीवर तिळाच्या लाडवांचा डबा होता आणि पर्समध्ये वहिनीचं पत्र. 'ऑपरेशन सोमवारी सकाळी आहे. मला शाळेतून रजा मिळत नाही. दिवसा त्यांच्याजवळ बसायला माणूस नाही. शकूताई, तुम्ही याल का?' एवढंच लिहिलं होतं. एकोणऐंशी सालचा डिसेंबर असावा. खिडकीची फळी लावली तरी थंडी आत यायची.

माझा थोरला भाऊ, आमचा दादा, नाशिकला एका छापखान्यात मुद्रितशोधक होता. म्हणजे छपाईला जाण्याआधी मजकुरातल्या चुका शोधायचं काम. शेहेचाळिसाव्या वर्षीच त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाले होते आणि वर्षभर त्यानं ते कुणाला कळू दिलं नव्हतं. शेवटी एका लग्नपत्रिकेत नवरदेवाच्या जागी त्याच्या काकांचं नाव छापून गेलं, तेव्हा मालकांनी त्याला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "आधी डोळे दाखवून या. मग बघू." त्या 'मग बघू'नं वहिनीची झोप उडाली होती.

आणि मी परभणीच्या मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवत होते. चौदा वर्षं झाली होती. एकटीच राहायची, वेळ नव्हता असं काही म्हणता येणार नाही. दर जूनमध्ये मी एक कोरी वही आणायची, रोज एक चित्र काढायचं असं ठरवायची, चार पानं भरायची. पुढे त्याच वहीत स्वेटरच्या विणीचे टाके लिहिले जायचे. स्वतःसाठी शेवटचं चित्र कधी काढलं होतं ते मला आठवत नव्हतं.

मनमाडला मोठ्या गाडीत बसले. लासलगावला डबाभर कांद्याचा वास आला. नाशिक रोडला उतरून शहरात जाणारी बस धरली आणि सामानासकट थेट डोळ्यांच्या दवाखान्यात गेले. ऑपरेशन सकाळीच झालं होतं. लांबलचक खोलीत आठ खाटा होत्या. प्रत्येक खाटेवर एक माणूस उताणा निजलेला, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. ऑपरेशन एकाच डोळ्याचं असलं तरी डोळा हलू नये म्हणून पट्टी दोन्हींवर बांधत. सगळे सारखेच दिसत होते. दादा कोणता, ते मला त्याच्या पायांवरून ओळखावं लागलं.

त्यानं मला त्याआधीच ओळखलं होतं.

"शकू ना? अजून चप्पल घासतच चालतेस."

मी त्याचा हात धरला. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "येताना काय काय दिसलं?"

"काही नाही रे. नेहमीचंच."

तो म्हणाला, "नेहमीचंच सांग. मला तेपण दिसत नाहीये."

मी सांगायला लागले. गाडी होती, गर्दी होती, कांदे होते. तीन वाक्यांत माझा एवढा प्रवास संपला. चित्रकलेची शिक्षिका मी, आणि दिवसभर खिडकीत बसून मी काय पाहिलं होतं?

"असं कर," दादा म्हणाला. "मी इथे सात दिवस असा पडून राहणार. तू रोज सकाळी बाहेर जा. एक चित्र काढून आण आणि त्यात काय आहे ते मला सांग. पट्टी सुटली की मी सगळी बघेन."

"मला नाही रे आता जमत."

"जमेल तसं काढ." त्याचा आवाज खाली आला. "पट्टी काढल्यावर काय दिसेल ह्याची भीती वाटते, शकू. निदान काय बघायचं ते तरी ठरलेलं असू दे."

मी लाडवांचा डबा त्याच्या उशाशी ठेवला आणि हो म्हणाले.

दादाचं घर म्हणजे कॉलनीतल्या दोन खोल्या. समोर छोटा विहार होता. तिथली सकाळची वंदना ऐकूनच कॉलनी उठायची. वहिनी नगरपालिकेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवायची. शाळेतून आली की घरचं आवरून दवाखान्यात जायची आणि सकाळी परत यायची. तिला चित्राचं सांगितलं तर तिनं कपाटातून एक जाडजूड वही काढून दिली. छापखान्यात तपासून झालेले कागद दादा घरी आणायचा आणि कोरी बाजू वर ठेवून त्यांच्या वह्या शिवायचा. "आता टाका घालायला सुई दिसत नव्हती त्यांना," वहिनी म्हणाली. "ही शेवटची. वाकडी शिवलीय बघा."

मंगळवारी सकाळी मी अंगणातूनच विहाराचं दार काढलं आणि वेळ मारून नेली. बुधवारी मात्र गंगेवर गेले. (नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात. नदीवर जायचं असलं तर 'गंगेवर जाऊन येतो' म्हणतात.) बुधवारी तिथे बाजार भरतो. पात्राच्या कडेला पालं टाकली जात होती, हातगाड्या लागत होत्या, पाण्याच्या बाजूला कुणी स्नान करत होतं आणि त्याला खेटूनच वांग्यांचे ढीग रचले जात होते. मेथी घेऊन बसलेली एक म्हातारी मला बरी वाटली. मी वही उघडली तशी तिनं पदर सावरला.

"काय लिवती गं बाई? मुनशीपाल्टीची हाय का?"

"नाही हो आजी. चित्र काढतेय."

"पावती नाय ना फाडायची?"

"नाही."

"मग बस की. उभी का ऱ्हायली?" तिनं एक गोणपाट माझ्याकडे सरकवलं.

चौदा वर्षं फळ्यावर खडूनं आकार काढून माझा हात ठरावीक वळणांना सोकावला होता. समोरचं माणूस कागदावर येईना. टोपली तर अशी कलंडली की मेथी सांडलीच पाहिजे. आजीनं डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "मी एवढी बारीक हाय व्हय?" तिला तेवढंच आवडलं होतं.

दवाखान्यात दादाला सगळं सांगितलं. तो छताकडे तोंड करून ऐकत होता. मग त्याचे प्रश्न सुरू झाले.

"जुड्या कशानं बांधल्या होत्या?"

"कशानं म्हणजे?"

"सुतळी होती, केळीच्या खोडाचं सोपट होतं की मेथीचीच काडी?"

मला माहीत नव्हतं.

"आजी मांडी घालून बसली होती की उकिडवी?"

तेही मला नक्की सांगता येईना. मी तिच्यासमोर पाऊण तास बसले होते! दादा हसला. "प्रूफ नीट वाचलेलं नाही," म्हणाला. शेजारच्या खाटेवरचे निफाडचे अण्णा तिकडून म्हणाले, "सोपटानंच बांधत्यात, लिहून घ्या."

गुरुवारी मी तांबट आळीत गेले. आळी लागायच्या आधीच तिचा आवाज लागतो. दोन्ही बाजूंना ओट्यांवर माणसं तांब्यापितळेची भांडी मठारत बसलेली (मठारणे म्हणजे हातोडीचे बारीक ठोके देऊन भांडं घट्ट आणि चकचकीत करणे). एका दुकानापुढे मी उभी राहिले तर आतून आवाज आला, "बाई, उजेड अडवू नका."

मी समोरच्या पायरीवर जाऊन बसले. ठोके देणारे गृहस्थ साठीचे होते. त्यांच्यासमोर तितक्याच वयाचे दुसरे एक जण हंडा फिरवून धरत होते. ह्यांचा ठोका पडला की त्यांनी हंडा बोटभर फिरवायचा. तासभर दोघं एक अक्षर बोलले नाहीत. चहा आला तेव्हा मलाही अर्धा कप मिळाला.

"रोज येता?" मी विचारलं.

"चाळीस वर्षं," ठोके देणारे म्हणाले.

"एवढी आवड आहे कामाची?"

त्यांनी कपातून वर पाहिलं. "आवड? थंडीत मला अंथरुणातून उठवत नाही. पण हा समोर येऊन बसतो. मी नाही आलो तर ह्याचा दिवस फुकट जातो. म्हणून यावं लागतं."

"आणि मी ह्याच्यासाठी येतो," समोरचे म्हणाले. "दोघंही फसलोय."

दवाखान्यात हे सांगितलं तेव्हा दादा इतका हसला की सिस्टर येऊन रागावल्या. त्या दिवशी मी हातोड्या किती होत्या, कोणती कुठे ठेवली होती, सगळं पाहून आले होते. त्याला विचारायला काही उरलं नाही.

शुक्रवारी सकाळी कडाक्याची थंडी पडली. वहिनीची गोधडी मऊ होती. दहा मिनिटांनी उठू म्हणता म्हणता नऊ वाजले. वाटेत काळ्या रश्शाची मिसळ खाल्ली, तर्री जरा जास्तच घेतली, आणि डोळ्यांतलं पाणी पुसत दवाखान्यात पोचले. दादा वाटच पाहत होता. "आज काय?"

'आज नाही जमलं' एवढंच म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "घाटाच्या पायऱ्यांवर तीन शेळ्या होत्या."

मग मी शेळ्या रंगवत गेले. एक पाण्याकडे वाकून बघतेय, एक निर्माल्यातला झेंडू खातेय. दादाचा चेहरा खुलला. "वा, हे छान झालेलं दिसतंय. दे, पान हातात दे."

मी कोरं पान त्याच्या हातात दिलं. त्यानं त्यावरून सावकाश बोट फिरवलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"हलक्या हातानं काढलंयस," तो म्हणाला.

त्या दिवशी त्याला जेवण भरवताना माझं लक्ष लागेना. शनिवारी उजाडताच मी घाटावर गेले. एखादी तरी शेळी मिळावी, निदान खोटं अर्धं तरी खरं व्हावं, अशी काहीतरी वेडी आशा होती. शेळ्या नव्हत्या. ओल्या पायऱ्या होत्या आणि कुणीतरी विसरलेला एक टॉवेल. मी त्या पायऱ्या काढल्या. दहा वाजता दादाच्या उशाशी बसले आणि सांगून टाकलं.

"काल मी काही काढलं नव्हतं. शेळ्याही नव्हत्या."

कोपऱ्यात कुणाचा तरी रेडिओ बारीक आवाजात चालू होता.

"मला दिसत नाही म्हणून?"

"हो," मी म्हणाले.

"मी पण तेच करत होतो, शकू." त्याचे ओठ कोरडे पडले होते. "वर्षभर. प्रुफावरची अक्षरं दिसायची नाहीत. दोन ओळी कशाबशा लागायच्या, बाकीचं पान तसंच. आणि खाली सही करायचो, तपासलं म्हणून. रोज. एक लग्नपत्रिका सापडली. बाकीच्या चुका कुठे कुठे गेल्या असतील कोण जाणे. तुझ्या वहिनीलापण सांगितलेलं नाही."

मी त्याच्या कपाळावर हात ठेवला. पट्टीखाली डोळ्यांत पाणी येऊ द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"आता दोघांनीही करायचं नाही," तो म्हणाला. "टॉवेल कोणत्या पायरीवर होता?"

रविवारी वहिनीला सुट्टी होती. ती म्हणाली, "तुम्ही त्र्यंबकला जाऊन या. नाशिकला आलेलं माणूस त्र्यंबक न बघता जात नाही." स्टँडवर इतकी गर्दी होती की मी ढकलले गेले त्या बसमध्ये बसले. गाव मागे पडल्यावर कंडक्टर तिकिटाला आले.

"एक त्र्यंबक."

"बाई, ही दिंडोरी." त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. "आता बसलाच आहात तर बघून या. तिथेही माणसं राहतात."

दिंडोरीच्या अलीकडे रस्त्याला लागून द्राक्षाचे मांडव दिसले तिथे मी उतरले. वेलींखालून चालताना सावली हिरवी पडते, हे मला माहीत नव्हतं. पिंपाशी बसलेली एक बाई काठीनं औषध ढवळत होती. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत निळे होते. मोरचूद (वेलींवर फवारायचं निळं औषध) कालवून कालवून ते तसे झाले होते. तिचं नाव ताराबाई. मालक, म्हणजे तिचा नवरा, पलीकडच्या ओळीत पंप घेऊन फवारत होता.

"चित्र काढू का तुमचं?"

"काढा की. पर हात नका काढू. लय घाण दिसत्यात."

"पेन्सिलीत निळं दिसत नाही."

"मंग काढा," ती म्हणाली आणि एकदम ताठ बसली. ढवळायला सांगितलं तेव्हा कुठे सैल झाली. एक मणी तोडून तिनं मला चाखायला दिला. तो इतका आंबट होता की माझा डोळाच मिटला. ती खळखळून हसली. "अजून दोन म्हैनं हाय त्याला." मग बांधावर बसून तिची बाजरीची भाकरी आणि वांग्याचं भरीत आम्ही तिघांनी खाल्लं.

जेवल्यावर तिनं चित्र पाहिलं. निळ्या बोटांनी कागदाला हात न लावता, मान वाकडी करून पाहत राहिली.

"हे मला द्याल का? माझा फोटू नाय एकबी. लग्नातला पान्यानं गेला."

ते चित्र दादाचं होतं. आणि तिला नाही तरी कसं म्हणायचं? मी म्हटलं, "थांबा, अजून एक काढते." एका दिवसात दोन चित्रं मी कित्येक वर्षांत काढली नव्हती. दुसऱ्यात तिचे हात जास्त चांगले आले. ते मी तिला दिलं.

सोमवारी पट्टी सुटली.

डॉक्टरांनी कापूस हळूच बाजूला केला. वहिनीनं अर्ध्या दिवसाची रजा काढली होती, ती पायांशी उभी होती. दादानं डोळा किलकिला केला. "उजेड आहे," तो म्हणाला. "तिकडे खिडकी आहे." वहिनीनं तोंडाला पदर लावला. मग त्यानं हात पुढे केला. "वही."

मी मेथीवाल्या आजीचं पान उघडून दिलं. त्यानं ते जवळ धरलं, लांब धरलं, उजेडाकडे वळवलं. पुढचं पान उलटलं. तिसरं उलटलं.

"शकू, ही पानं कोरी आहेत का?"

"नाही रे दादा. भरलेली आहेत."

"खरंच?"

डॉक्टर समजावून सांगत होते की काम उत्तम झालंय, डोळ्यातलं भिंग काढलंय, दीड महिन्यानं जाड चष्मा मिळेल तोवर सगळं धूसरच दिसणार, घाबरायचं कारण नाही. दादा मान हलवत होता. पण त्याचं बोट पानावरून फिरत होतं आणि त्या बोटाचा माझ्यावर विश्वास बसत नव्हता.

मी तशीच बाहेर पडले. मेन रोडवरून काळी शाई आणली, रंगाऱ्याचा बोटभर जाड ब्रश आणला, पोस्टरचे मोठे कागद आणले. दवाखान्याच्या व्हरांड्यात फरशीवर बसून पहिल्या पानापासून सुरुवात केली. बारीकसारीक सगळं गाळायचं होतं. आजी, टोपली, एवढंच. हंडा आणि दोन माणसं. पायऱ्या. खोडायची सोय नव्हती, म्हणून हात टाकण्याआधी पाहायला लागत होतं, आणि आश्चर्य म्हणजे मला सगळं दिसत होतं. आठवडाभर दादाच्या प्रश्नांनी ते आत पक्कं बसवलं होतं. कपड्यांवर शाई सांडली. सिस्टर म्हणाल्या, "फरशी पुसून द्यावी लागेल." मी म्हटलं, देईन.

दुपारी दादाला उशीला टेकवून बसवलं. मी ताराबाईचा कागद उन्हात, चार हात लांब धरून उभी राहिले.

तो बघत राहिला. अण्णांची पट्टीही त्याच सकाळी सुटली होती, तेही मान वर करून बघत होते.

"बाई आहे," दादा म्हणाला. "बसलीय. पुढ्यात मोठं काहीतरी आहे. पिंप?"

"हो."

"आणि हे हात." त्यानं हवेत बोटानं ते हात गिरवले. "इतके काळे का गं?"

"निळे आहेत ते," मी म्हणाले. वहिनी म्हणाली, "आणखी दाखवा. सगळे दाखवा."

गुरुवारी मी निघाले. वहिनीनं चिवड्याची पुडी बांधून दिली. दादानं जाड ब्रशची चित्रं स्वतःकडे ठेवून घेतली. पेन्सिलीची वहीही ठेवली, चष्मा आल्यावर वाचेन म्हणाला. 'वाचेन' असंच म्हणाला.

मनमाडला छोट्या गाडीला चार तास अवकाश होता. फलाटावर कांद्याच्या गोण्यांना टेकून तीन हमाल दुपारची झोप काढत होते. एकाचा हात दुसऱ्याच्या पोटावर पडला होता. त्या दिवशी कुणी मला चित्र मागितलेलं नव्हतं. संध्याकाळी कुणी विचारणारही नव्हतं. वहीसुद्धा जवळ नव्हती. मी वहिनीच्या चिवड्याची पुडी मोकळी केली आणि त्या कागदावर काढायला लागले. पहिल्या घंटेला माझे दोन हमाल झाले होते. दुसरी घंटा ऐकूच आली नाही. शेवटी शेजारच्या बाईंनी माझी पिशवी उचलून डब्यात टाकली आणि मला हाताला धरून चढवलं, म्हणून मी परभणीला पोचले.

दीड महिन्यानं दादाचं पत्र आलं, त्याच्याच अक्षरात, ओळी थोड्या वर चढलेल्या. चष्मा आला होता. मालकांना त्यानं न वाचता केलेल्या सह्यांचं आपण होऊन सांगितलं होतं. ते रागावले, आणि मग म्हणाले, सोमवारपासून या. खाली माझ्या एकेका चित्रातल्या चुका क्रमवार लिहिल्या होत्या. एकंदर एकवीस!

त्यानंतर माझा एकही दिवस चित्रावाचून गेला नाही असं मी सांगणार नाही. खूप दिवस गेले. पण गेलेल्या दिवसाचं दुःख करत बसायचं सोडून दुसऱ्या दिवशी पेन्सिल उचलायची, एवढं त्या नाशिकच्या दहा दिवसांत मला जमायला लागलं. आधी मला वाटायचं, आतून इच्छा आली की हात चालेल. माझ्या बाबतीत ते उलट झालं. कुणीतरी विचारतंय म्हणून मी बघायला लागले, बघता बघता हात चालला, आणि इच्छा सगळ्यांत शेवटी, फलाटावर, कधी येऊन बसली ते कळलंही नाही.

परत आल्यावरच्या पहिल्या सोमवारी सातवीचा तास होता. इतर वेळी मी फळ्यावर फुलदाणी काढून खुर्चीत बसायची. त्या दिवशी मी मुलींना अंगणातल्या कडुनिंबाखाली नेलं, एक कागद स्वतःसाठी घेतला आणि त्यांच्यात खाली बसले.

"बाई, तुम्ही पण काढणार?" शेजारच्या मुलीनं विचारलं.

"हो," मी म्हणाले. "जरा सरक."